मुका गायक, सून आणि मी

त्या कादंबरीतलं मी ऐकलेलं पहिलं वाक्य असं होतं: त्याने गिटार बाजूला ठेवली, तिचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळव्यावर बोटाने लिहिलं, "थांब."

मी तेव्हा बंगळुरात, सर्जापूर रोडच्या एका सिग्नलला आमच्या व्हॅनमध्ये अडकले होते. मागे शिवून तयार पडद्यांचे गठ्ठे, रॉड, शिडी, ड्रिल मशीन. राजाजीनगरहून इकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो, म्हणून मुलाने माझ्या फोनवर पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं होतं. खातं त्याचंच, घरात सगळ्यांना मिळून एक. मी त्यावर कीर्तनं ऐकायचे. त्या दिवशी 'पुढे ऐका' असं बटण दिसलं. मला वाटलं, कालचं कीर्तन पुढे चालू होईल. निघाला हा गिटारवाला.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो मंड्याकडचा. माझ्याकडे इतकी वर्षं आहे की आता मराठीतल्या शिव्यासुद्धा त्याला कळतात.

"अक्का, हे कीर्तन नाही."

"कळतंय मला. तू पुढे बघ."

बंद करायला हवं होतं. पण ती बाई थांबली की गेली, हे कळल्याशिवाय कसं बंद करणार?

थांबली. सिग्नल सुटला, पुढचा लागला, तोही सुटला. गिऱ्हाइकाच्या इमारतीखाली पोचलो तरी मी उतरले नाही. रॉड उतरवून झाले तेव्हा ड्रायव्हर खिडकीशी आला. म्हणाला, "स्वल्प आवाज मोठा करा, अक्का. मलाही ऐकू दे."

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी निपाणीकडची. घरात मराठी, बाजारात कानडी, असं दोन्ही जिभेवर घेऊनच वाढले. लग्न होऊन बंगळुरात आले. मुलगा शाळेत असताना नवरा गेला. मी आधी ब्लाउजपिसं खांद्यावर घेऊन दारोदार फिरले, मग एक मशीन घेतलं, मग एक गाळा. आज राजाजीनगरात पडद्यांचं दुकान आहे, वर शिवणाऱ्या बायका बसतात, पलीकडे माझं घर आहे आणि सर्जापूर रोडच्या नव्या इमारतींतली कामं माझ्याकडे येतात. हे सगळं मी माझ्या जिभेवर मिळवलं. चिकपेटेच्या कापडबाजारातले ठाणवाले मला बघून आधी पाणी मागवतात. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

घासाघिशीतली मोठी विद्या म्हणजे उठून जाणं. भाव जमत नाही असं दिसलं की पर्स उचलायची, "राहू दे" म्हणायचं आणि दुकानाची पायरी उतरायची. पण सावकाश. शेजारच्या दुकानाकडे बघत, पदर सारखा करत. मग मागून हाक येते. "अक्का, बन्नी, बन्नी." या, या. हाक आली की आपण जिंकलो. हाक कधी येणार हे पाठीला कळायला लागतं. मला कळतं. इतक्या वर्षांत माझी पाठ चुकली नव्हती.

ती चुकली माझ्या मुलाच्या घरी.

मुलाने सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. सून पुण्याची, दोघंही कॉम्प्युटरवाले. दिवाळीनंतर वास्तुशांत ठरली. मी हॉलसाठी एक ठाण कधीचं बाजूला काढून ठेवलं होतं, मोहरीच्या रंगाचं, हाताला जड, उन्हात धरलं की आतून उजळणारं. कोणी मापं घ्यायला बोलावलं नाही, तरी मी मनाला लावून घेतलं नाही. म्हटलं, पोरं कामात असतील, पूजेच्या दिवशीच घेऊ. पर्समध्ये टेप घालून गेले.

दार उघडलं. समोर हॉलची मोठी खिडकी आणि तिच्यावर पांढरा रोलर ब्लाइंड. बेडरूममध्ये तसाच. स्वयंपाकघरातसुद्धा. सगळं ऑनलाइन मागवलेलं, कंपनीचा माणूस येऊन बसवून गेलेला. पडदेवालीच्या मुलाच्या घरात बाहेरचा माल. आलेल्या पाहुण्यांत माझी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतली एक मला म्हणाली, "अय्या, तुम्ही हेही करता का?"

रागातसुद्धा एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी टिपली. बसवणाऱ्याचा हात चांगला होता. कडेने उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती.

मुलगा भटजींना आणायला खाली गेला होता. मी सुनेला म्हटलं, "छान आहे. ऑफिस वाटतंय." ती हसली. तिला ते कौतुक वाटलं असावं. मग मी पर्स उचलली. म्हटलं, "निघते मी. दुकानात काम आहे."

आता कोणीही शहाणी बाई काय म्हणेल? अहो आई, असं काय, पूजा व्हायची आहे, बसा. हात धरेल. निदान दारात आडवी येईल.

माझी सून म्हणाली, "बरं आई. कॅब बघू का?"

मी दारापर्यंत सावकाश गेले. चपला सावकाश घातल्या. लिफ्ट आली. पहिली लिफ्ट मी मुद्दाम सोडली. दार उघडलं, कोणीतरी आतून विचारलं, मी नको म्हटलं. दुसरी आली. मागे कोणी नव्हतं. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, हसण्याचा येत होता. मी खाली आले.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी सांगून टाकलं, "ती पांढरी फडकी उतरल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"आई, अगं फडक्यांसाठी?"

"माझं पोट त्या फडक्यांवर भरलंय. तुझंही."

फडकी काही उतरली नाहीत. मुलगा दर रविवारी राजाजीनगरला येत राहिला, सूनही यायची. चहा व्हायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. मी त्यांच्या घरी गेले नाही. आणि नशीब असं, की त्याच सोसायटीतली कामं माझ्याकडे येत राहिली. बी विंगमध्ये मी पडदे टांगायचे, सी विंगमध्ये माझा मुलगा राहायचा. जेवायची वेळ झाली की मी खाली पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये बसून डबा खायचे. मान वर केली की त्यांचा पांढरा ब्लाइंड दिसायचा. म्हणून मी मान वर करायचे नाही.

ड्रायव्हर एकदा म्हणाला, "अक्का, वर जाऊन जेवा ना. गरम मिळेल."

"तुला गरम पाहिजे तर हॉटेलात जा."

"सरी," म्हणजे बरं, असं तो म्हणाला आणि गेलाही. तोही पठ्ठ्या असा, एकदा सांगितलं की ऐकणारा.

या अशा जेवणाच्या वेळांमध्ये मी ती कादंबरी ऐकायला लागले. आधी अधूनमधून ऐकली, मग लाज सोडून पहिल्या प्रकरणापासून लावली.

गोष्ट एका रॉक गायकाची. स्टेडियमं भरवणारा माणूस. अंगभर गोंदलेलं, केस खांद्यापर्यंत, वागणं उद्धट. ओरडून ओरडून त्याचा गळा बसतो. डॉक्टर सांगतात, महिनोन्‌महिने एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मग त्याच्यासाठी एक बाई नेमतात, आवाजावर उपचार करणारी. साधी, नोकरी करणारी, त्याची गाणी कधी न ऐकलेली. तिचं काम एकच, या माणसाला गप्प ठेवणं. आणि हा मुका झालेला सिंह तिच्या प्रेमात पडतो. तिच्याशी बोलणार कसा? पाटीवर लिहितो, तळव्यावर लिहितो, टेबलावर बोटं वाजवतो.

मला आधी वाटलं होतं, श्रीमंत पोरा-पोरींचा चावटपणा असेल. चावटपणा आहे, खोटं कशाला बोलू. तसलं प्रकरण आलं की मी ड्रायव्हरला टायरमधली हवा बघायला खाली पाठवायचे. त्या महिन्यात आमच्या व्हॅनच्या टायरांची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी कधी घेतली गेली नसेल. पण जिने कोणी हे लिहिलं तिला माणसं कळतात. ती नायिका पहिल्याच भेटीत त्याच्या मॅनेजरसमोर आपल्या अटी मांडते, तो भाग मी तीनदा ऐकला. मॅनेजर भाव पाडतो, ती एकही पायरी खाली येत नाही. घाई करत नाही, आवाज चढवत नाही, मधली शांतता भरायला जात नाही. समोरचाच घाबरून बोलायला लागतो. ही विद्या मला शिकायला आयुष्य गेलं. लिहिणारीने एका प्रकरणात मांडली.

आणि ती वाचणारी! एकच बाई सगळी माणसं वाचते. मॅनेजर बोलतो तेव्हा तिच्या आवाजाला तेलकटपणा येतो. नायिका बोलते तेव्हा स्वच्छ, धुतल्यासारखा. पण खरी कमाल त्या गायकाची. तो तर बोलतच नाही. ज्याला आवाज नाही त्याला आवाजाने कसं उभं करायचं? ती काय करते, त्याने पाटीवर लिहिलेली वाक्यं वाचायच्या आधी एक श्वास घेते. जरासा खडबडीत, गळ्यात अडकलेला. बस, एवढंच. त्या श्वासावरून कळतं की हा आता चिडलाय, की हसतोय, की हरलाय. पुढे पुढे तर नुसता श्वास आला की ड्रायव्हर म्हणायचा, "बंदा." आला. मी चांगल्या कारागिराची कदर करते. पडदा चांगला पडला की शिवणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर सांगते. या बाईला भेटले तर तिचा हात हातात घेईन.

पण एक भानगड व्हायला लागली. मी एका जागी थांबवायचे आणि दुसऱ्या दिवशी लावलं की गोष्ट भलतीकडेच. कधी पुढे गेलेली, कधी मागे. आदल्या दिवशी तो दवाखान्यात होता, आज एकदम समुद्रकिनाऱ्यावर. मी फोनला शिव्या घातल्या, ड्रायव्हरला घातल्या. मग डोक्यात उजेड पडला. खातं एकच होतं. ही गोष्ट मुळात माझ्या सुनेची होती. ती ऑफिसला जाताना ऐकत होती आणि मी तिच्या घराखाली बसून.

मी कशाला तिला सांगतेय? मी सरळ माझी जागा शोधून ऐकायला लागले. ती तिची शोधायची. असे काही दिवस आम्ही न बोलता एकमेकींची पानं उलटवत होतो. शेवटी तिचा मेसेज आला. "आई, तुम्ही ते रॉकस्टारचं बुक ऐकताय का? माझं चॅप्टर सारखं हलतंय."

मी लिहिलं, "कुठलं बुक?"

लगेच फोन वाजला.

"आई, ॲपवर दिसतं."

"काय दिसतं?"

"कुठल्या फोनवर ऐकलं ते."

मी म्हटलं, "कीर्तन लावत होते. चुकून लागलं."

"रोज चुकून?" ती हसत होती. लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलताना ती इतकं मोकळं हसली नव्हती. "कुठवर आलात?"

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "तो पाटी फोडतो तिथवर."

"अय्यो, म्हणजे तुम्ही माझ्या पुढे आहात! पुढचं सांगू नका हं!"

मग आमचा सौदा ठरला. मी म्हटलं, सकाळ तुझी, दुपार माझी, आणि तू मला गाठलंस की रोज दोघींनी एकेकच प्रकरण ऐकायचं. ती लगेच म्हणाली, "ओके, आई." मला वैताग आला.

"अगं, असं लगेच हो म्हणतात का? काहीतरी माग."

"पण मला चालतंय ना."

"चाललं तरी म्हणायचं नाही. समोरच्याची मजा जाते."

ती विचारात पडली. तिच्या माहेरी कोणी घासाघीस करत नाही. भाजीवाल्याने सांगितलं ते द्यायचं, नाही पटलं तर घ्यायचं नाही, विषय संपला. मला ही माणसं कधी कळली नाहीत. त्यांचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. मग बोलायचं कशाला? पत्रंच पाठवा. पण दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आई, मी विचार केला. रविवार पूर्ण मला पाहिजे."

"अर्धा."

"पूर्ण. आणि शुक्रवारी मी एक चॅप्टर जास्त ऐकणार."

"शुक्रवार का?"

"माहीत नाही. तुम्ही म्हणालात, काहीतरी माग."

मी तिला रविवार दिला. शुक्रवार दिला नाही. फोन ठेवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, आज तुम्ही हसून बोलताय. कोणता पार्टी?" मी म्हटलं, "नवी पार्टी आहे. शिकते आहे."

त्यानंतर रोज फोन व्हायला लागला. बोलायचो फक्त त्या गायकाबद्दल. तो मूर्ख आहे की नाही. तिने त्याच्या आईला भेटायला हवं होतं की नको. सून त्याच्या बाजूची, मी तिच्या. ज्या दिवशी ऑफिस घरूनच असायचं तेव्हा ती सी विंगमधल्या तिच्या घरात काम करता करता कानात वायर घालून बोलायची आणि कितीदा तरी मी तिच्याच इमारतीच्या खाली असायचे. तिला ते माहीत नव्हतं. मी सांगायचे, गाडीत आहे. खरंच होतं ते.

आणि मग ते प्रकरण आलं.

त्याचा गळा बरा होतो. डॉक्टर सांगतात, आता बोल. तेवढ्यात पेपरात काहीतरी छापून येतं, तिला वाटतं की हा आपला नुसता वापर करतोय. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. ती बॅग भरते. दारात उभी राहून म्हणते, "मी निघाले. माझ्या मागे येऊ नकोस." आणि जाते. जिन्यावरून एकेक पायरी. वाचणारी बाई इथे इतकी सावकाश वाचते, की प्रत्येक पायरी ऐकू येते. मी डबा तसाच मांडीवर ठेवून बसले होते. मला माहीत होतं आता काय होणार. पाठीला कळत होतं. आता श्वास येणार, तो खडबडीत श्वास, आणि त्यामागून हाक. संबंध पुस्तकभर जपलेला आवाज तो या हाकेसाठी काढणार.

श्वास आला. हाक आली नाही. प्रकरण संपलं.

मी ॲप बंद केलं. रागाने कान तापले. ड्रायव्हर पुढे मान घालून बसला होता. मी सुनेला फोन लावला. ही तिच्या कामाची वेळ, एरवी फोन तिचाच येतो.

"ऐकलंस?"

"आजच, सकाळी. मी रडले, आई."

"रडतेस काय! हरामखोर आहे तो. आवाज परत आला होता ना? एक हाक मारायला काय झालं होतं?"

"पण तिने सांगितलं होतं ना, मागे येऊ नकोस."

"म्हणून?"

"म्हणून त्याने तिचं ऐकलं. सगळे आयुष्यभर त्याच्यासमोर हो हो करत आले, त्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा कुणाच्या शब्दाला मान दिला. तो मागे धावला असता तर तिच्या बोलण्याला काय अर्थ राहिला?"

"अगं, जाते म्हणणारी बाई जाण्यासाठी म्हणते का?" मी ओरडले. पार्किंगमधला वॉचमन बघायला लागला. "ती सावकाश उतरत होती! एकेक पायरी! ऐकू आलं नाही तुला? ज्याला जायचंय ते माणूस धाडधाड उतरतं. हाक मारावी म्हणून ती थांबत थांबत गेली. आणि तो दगड उभा राहिला. एक शब्द नाही. कॅब बघू का म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं त्याने!"

हे तोंडातून गेलं. परत घेता आलं नाही.

मला वाटलं फोन कटला. मग ती हळू म्हणाली, "आई."

मी डब्याचं झाकण लावलं.

"आई, त्या दिवशी तुम्हाला खरंच काम नव्हतं?"

मला बोलता येईना. बाजारात मी कधी गप्प बसले ते डाव म्हणून. हे तसलं नव्हतं.

"पहिली लिफ्ट मी सोडली होती," मी म्हटलं.

"मला वाटलं तुम्हाला दुकानात जायचंय. तुम्ही म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला थांबवलं तर राग येईल, तुमची कामं असतात. मी नंतर यांना म्हटलंसुद्धा, आई किती बिझी आहेत, तरी येऊन गेल्या." तिचा आवाज फुटला. "मला कोणी शिकवलं नाही हे."

"आणि ते ब्लाइंड? ते कोणी शिकवलं?"

तिने नाक ओढलं.

"मला पडद्यांनी शिंका येतात," ती म्हणाली.

"काय?"

"कापडाच्या धुळीने. लहानपणापासून. तुमच्या दुकानात आले की मी गोळी घेऊन येते. दर रविवारी."

मी डोक्याला हात लावला. दर रविवारी ही मुलगी माझ्या दुकानावरच्या घरात, ठाणांच्या राशीत, गोळी खाऊन चहा प्यायला येत होती. आणि मी तिला वर्षभर रुसवा दाखवत होते. "मग सांगायचं नाही?"

"पडद्याचं दुकान असलेल्या सासूला? तुम्ही सांगितलं असतंत?"

नसतं सांगितलं. ते मी कबूल केलं. पण मी चुकले असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. घरचं माणूस जर आईला निघते म्हणू देत असेल आणि मागून हाक मारत नसेल, तर चूक माझी नाही. मात्र हेही खरं, की या मुलीने माझा शब्द शब्द म्हणून घेतला. आयुष्यात माझ्या बोलण्यावर कोणी असा विश्वास ठेवला नव्हता. चिकपेटेत तर मी भाव सांगितला की समोरचा आधी हसतो. आणि शिंकांची गोळी खाऊन दर रविवारी येणारं माणूस साधं नसतं. तिच्याकडे चिकाटी आहे. भाव न करता ती माझ्यापेक्षा जास्त टिकली.

"आता तुम्ही कुठे आहात?" तिने विचारलं.

"गाडीत."

"कुठे पण?"

मी मान वर केली. त्यांच्या खिडकीतला पांढरा ब्लाइंड अर्धा वर गेला होता आणि ती काचेला नाक लावून खाली बघत होती. तिला व्हॅन दिसली असावी, तिच्यावर माझ्या दुकानाची पाटी रंगवलेली आहे. तिने फोन कानाला तसाच धरून दुसरा हात हलवला.

"आई, वर या," ती म्हणाली. मग जराशा भीतीने, नव्या शिकलेल्या माणसासारखी, म्हणाली, "नाही, थांबा. मी परत म्हणते. वर या ना. याच. मी ऐकणार नाही."

ड्रायव्हरने न सांगता दार उघडलं. मी साडी झटकली, अंगावर कापडाची धूळ असते म्हणून. डबा तिथेच ठेवला. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात मी माझं तोंड तिऱ्हाइतासारखं करून पाहिलं. अट मी घातली होती, अट पुरी झाली नव्हती, आणि मी निघाले होते. असा सौदा मी कधी केला नाही. वाटेत ठरवलं, वर गेल्यावर निदान एक तरी गोष्ट मागून घ्यायची. शुक्रवार तर नाहीच सोडायचा.

दार उघडंच होतं. सून समोर उभी, डोळे लाल, एका कानात वायर. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने बोट वर केलं. जरा थांबा. मला, तिच्या सासूला, दारात. दुसरं कोणी असतं तर मी काय केलं असतं ते न सांगितलेलं बरं.

"पुढचं लावलंय," ती पुटपुटली. "तो जिन्यावर आलाय. मला एकटीने ऐकवत नाही."

दुपार माझी होती. सौद्याप्रमाणे तिने ऐकायला नको होतं. मी तसं म्हणणार होते. पण तिने वायरचं दुसरं टोक माझ्या कानाला लावलं, आणि तो श्वास आला. खडबडीत, गळ्यात अडकलेला, आधी कधी नव्हता इतका लांब. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो. तेवढ्यात मागे लिफ्टचं दार खडखडत उघडलं, कोणाचं तरी सामान आत-बाहेर व्हायला लागलं, आणि पुढचा शब्द ऐकू येईना.

म्हणून मी आत गेले आणि दार लावून घेतलं.